फिजीचा हंगामी पाऊस : अंदाज कसा बांधतात

फिजीतील सुवा आणि नांदी ही दोन्ही शहरे विती लेवू या एकाच बेटावर आहेत. सरळ रेषेत मोजले तर त्यांच्यात सव्वाशे किलोमीटरही अंतर नाही. तरी आग्नेय किनाऱ्यावरच्या सुवामध्ये वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या नांदीत सुमारे १,९००. जुलैमध्ये ही तफावत आणखी डोळ्यांत भरते. सुवामध्ये त्या महिन्यातही छत्री घरी ठेवून चालत नाही, नांदीत मात्र महिनाभरात जेमतेम ५० मिलिमीटर पडतो. देशाची हवामान संस्था, म्हणजे फिजी मिटिऑरॉलॉजिकल सर्व्हिस, या कोरड्या बाजूला नांदीच्या विमानतळापाशी आहे. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या भागात पाऊस कमी, बेताचा की जास्त होईल, याचा अंदाज ती नियमितपणे जाहीर करते.

या संस्थेला तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी सुवामध्ये पाऊस पडेल का, असे विचारले तर ती हात वर करील. त्याच संस्थेला नोव्हेंबर ते जानेवारी या तिमाहीबद्दल विचारले तर ती आकड्यांसह उत्तर देते. एका दिवसाचे सांगता येत नाही आणि नव्वद दिवसांचे सांगता येते, हे वरवर उलटे वाटते. त्याचा उलगडा व्हायला आधी फिजीचा पाऊस येतो कुठून, तो मोजतात कसा आणि समुद्राचा त्याच्याशी संबंध काय, हे पाहावे लागते.

वाऱ्याची बाजू, आडोशाची बाजू

फिजी म्हणजे दक्षिण पॅसिफिक महासागरातली तीनशेहून अधिक बेटे. वस्ती त्यांतल्या शंभरेक बेटांवर. विती लेवू आणि वानुआ लेवू ही दोन मोठी बेटे ज्वालामुखीतून घडलेली, डोंगराळ आहेत. सर्वांत उंच शिखर तोमानिवी १,३२४ मीटरचे, म्हणजे कळसूबाईपेक्षा सुमारे सव्वातीनशे मीटरने बुटके. पण भोवताली मोकळा समुद्र असल्यामुळे पावसाची विभागणी करायला तेवढी उंची पुरते.

इथे वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरून आलेली ही दमट हवा विती लेवूच्या डोंगरांना अडते आणि वर चढते. वर गेली की थंड होते, तिच्यातली वाफ पाण्याच्या थेंबांत बदलते आणि चढावरच पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात आणि नांदीच्या वाट्याला निळे आकाश येते. महाबळेश्वर चिंब आणि वाईच्या पुढे कोरडे, हा सह्याद्रीतला प्रकारही याच नियमाने घडतो. फरक दिशेचा आहे. महाराष्ट्रात पश्चिमेचा उतार भिजतो, फिजीत पूर्वेचा आणि आग्नेयेचा. पूर्वेकडच्या लाऊ बेटसमूहातली बरीचशी बेटे ठेंगणी आहेत. वारा अडवायला तिथे डोंगरच नाही, त्यामुळे ती पूर्णपणे येणाऱ्या-जाणाऱ्या ढगांवर अवलंबून असतात.

देशाचे अर्थकारणही या विभागणीवर उभे राहिले. उसाला वाढीच्या महिन्यांत भरपूर पाणी लागते आणि पक्व होताना कोरडी, जराशी थंड हवा लागते. तेव्हाच कांड्यात साखर चढते. म्हणून वसाहतकाळात साखर कारखाने आडोशाच्या बाजूला निघाले: लौतोका, बा, राकीराकी आणि वानुआ लेवूवर लंबासा. १८७९ ते १९१६ या काळात भारतातून करारावर नेलेले साठ हजारांहून अधिक मजूर, म्हणजे गिरमिटिये, मुख्यतः याच शिवारांत राबले. तिथला ऊस आजही बहुतांशी पावसावर येतो, कालव्यावर नाही. कोरड्या बाजूच्या वार्षिक पावसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत पडतो. हे सहा महिने हुकले तर उरलेल्या सहांत भरपाई होत नाही. सुवाकडे निदान हिवाळ्यातही व्यापारी वारे थोडे थोडे पाणी टाकत राहतात.

ढगांचा तिरका पट्टा

त्या सहा महिन्यांत जोराचा पाऊस आणणारी व्यवस्था वेगळीच आहे. सॉलोमन बेटांच्या परिसरातून निघून आग्नेयेकडे फिजी, सामोआ आणि टोंगा यांच्या आसपासून जाणारा, हजारो किलोमीटर लांबीचा ढगांचा एक तिरका पट्टा दक्षिण पॅसिफिकवर असतो. दोन दिशांचे वारे तिथे एकमेकांना भिडतात. भिडलेल्या हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही, आणि खालचा समुद्र ऊबदार असल्यामुळे ती भरपूर वाफ घेऊन वर जाते. शास्त्रज्ञ त्याला दक्षिण पॅसिफिक अभिसरण पट्टा म्हणतात. पुढे त्याला नुसता तिरका पट्टा म्हटले आहे.

दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चमध्ये, हा पट्टा सर्वांत जोमात असतो. फिजी त्याच्या काठावर आहे. पट्टा दोन-तीनशे किलोमीटर अलीकडे सरकला तर नांदीच्या नद्या पात्राबाहेर येतात, पलीकडे सरकला तर ऊस करपतो. फिजीच्या हंगामी अंदाजात सगळ्यांत मोठा प्रश्न असतो तो हाच की यंदा पट्टा कुठे राहील.

नऊ वाजताची नोंद

अंदाजाची सुरुवात मात्र एका साध्या नळकांड्यापासून होते. वर धारदार काठाचे नरसाळे, आत बाटली आणि शेजारी खुणा केलेली काचेची नळी, हे पर्जन्यमापकाचे सगळे साहित्य. रोज सकाळी नऊला निरीक्षक बाटलीतले पाणी नळीत ओततो. नळीतल्या पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला असतो. म्हणून डोळा पाण्याच्या पातळीत आणून मधल्या खोलगट भागाशी असलेली खूण वाचायची आणि वहीत लिहायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर सपाट जागेवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या पत्र्यावर वीस मिलिमीटरची सर आली, तर पन्हळीवाटे टाकीत जवळपास हजार लिटर जमते. छपराच्या पाण्यावर जगणाऱ्या लहान बेटांवर हा हिशेब घराघरात तोंडपाठ असतो.

काम साधे असले तरी चुकायच्या जागा पुष्कळ. जोराचा वारा थेंब नरसाळ्यावरून उडवून नेतो आणि नोंद कमी येते. जवळचे झाड मोठे झाले की पाऊस अडतो. दहा वर्षांपूर्वी रोप असलेला आंबा आज मापकावर सावली धरून असेल, तर कागदावर त्या गावचा पाऊस हळूहळू घटताना दिसतो. निरीक्षक शनिवार-रविवार सुट्टीवर गेला तर सोमवारी बाटलीत तीन दिवसांचे पाणी असते. ते वेगळी खूण करून लिहिले नाही तर त्या सोमवारी अतिवृष्टी झाल्याचा देखावा तयार होतो. सर्वांत घातक गफलत शून्य आणि कोरी जागा यांच्यातली. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, कोरी जागा म्हणजे कोणी पाहिले नाही. संगणकात भरताना कोऱ्या जागांचे शून्य झाले की न पडलेला दुष्काळ पडतो. म्हणून आलेले आकडे शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहणारी माणसे हवामान खात्यात लागतातच, आणि त्यांचे काम कोणाच्या नजरेत येत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित मापक आहेत. त्यांत नरसाळ्याखाली दोन छोट्या वाट्या एका आसावर खालीवर होतात. एक वाटी ठरावीक पाण्याने, उदाहरणार्थ ०.२ मिलिमीटरने, भरली की कलंडते आणि दुसरी तिच्या जागी येते. प्रत्येक कलंडणे विजेच्या ठोक्याने मोजले जाते. पाऊस किती पडला याबरोबर तो किती वेगाने पडला हेही त्यातून कळते, आणि पुराच्या इशाऱ्याला तेच हवे असते. मुसळधार पावसात वाटी कलंडत असतानाचे थोडे पाणी निसटते, पाला अडकला की यंत्र मुके होते, आणि चक्रीवादळात खांबच आडवा होतो. त्यामुळे जुने नळकांडे अजून निवृत्त झालेले नाही.

मापक जमिनीवर असतात आणि फिजीचा बहुतांश विस्तार पाण्यावर आहे. ती उणीव रडार आणि उपग्रह भरून काढतात. नांदी, नौसोरी आणि लंबासा इथली रडारे पावसाच्या थेंबांवरून परत येणाऱ्या लहरी टिपतात, पण डोंगरामागचे त्यांना नीट दिसत नाही. उपग्रह ढगाच्या माथ्याचे तापमान पाहतो. माथा जितका थंड तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असा त्याचा ठोकताळा. सुवाच्या मागच्या डोंगरउतारावर बुटक्या ढगांतूनही चांगला पाऊस पडतो आणि नेमका तोच उपग्रहाच्या हिशेबात कमी येतो. शेवटी या दोन्ही साधनांचे आकडे जमिनीवरच्या नोंदीशी जुळवून घ्यावे लागतात.

फिजीने हवामान सेवेचा कारभार न्यूझीलंडकडून १९७५ मध्ये स्वतःच्या हाती घेतला. पावसाच्या नोंदी मात्र त्याहून कितीतरी जुन्या आहेत. साखर कारखान्यांच्या आवारातल्या काही नोंदी शतकभर मागे जातात. कारखानदारांनी त्या उसाच्या हिशेबासाठी ठेवल्या होत्या, हंगामी अंदाज हा विषय त्यांच्या स्वप्नातही नव्हता. आजच्या अंदाजाचा पाया तोच आहे.

समुद्राचा मंद स्वभाव

हवा फार लवकर विसरते. आजच्या वाऱ्यात एखादी बारीक चूक मोजणीतून सुटली, तर ती वाढत जाऊन साधारण दोन आठवड्यांत सगळा अंदाज बिघडवते. म्हणून रोजच्या हवामानाचा अंदाज त्यापलीकडे जात नाही. समुद्राचे तसे नाही. पाण्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो. महासागराच्या वरच्या थरात साठलेली जादा उष्णता महिनोन्महिने तिथेच राहते आणि वरच्या हवेला एका बाजूला झुकवत राहते. त्या झुकावामुळे कोणत्या दिवशी पाऊस पडेल ते कळत नाही, पण नव्वद दिवसांत पावसाळी दिवस जास्त येतील की कमी, याचा सुगावा लागतो.

पॅसिफिकमध्ये हा झुकाव ठरवणारा घटक म्हणजे एल निनो आणि त्याचे उलट रूप ला निना. परातीत पाणी घेऊन एका कडेने सतत फुंकर मारली तर पाणी पलीकडच्या कडेला किंचित चढते; फुंकर थांबली की परत येते. विषुववृत्तालगतच्या पॅसिफिकवर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे अशीच फुंकर घालतात. ऊबदार पाणी इंडोनेशिया आणि न्यू गिनीच्या बाजूला साठते, पूर्वेला पेरूच्या किनाऱ्याजवळ खोलातले गार पाणी वर येते. काही वर्षांनी हे वारे ढिले पडतात. मग पश्चिमेचे ऊबदार पाणी मध्य आणि पूर्व पॅसिफिककडे पसरते. हा एल निनो. वारे नेहमीपेक्षा जोरात वाहिले आणि ऊबदार पाणी पश्चिमेला अधिकच रेटले गेले तर ला निना.

ढग ऊबदार पाण्यामागे जातात. एल निनोत फिजीजवळचा तिरका पट्टा ईशान्येकडे, विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो आणि फिजी कोरडे पडते. ला निनात तो नैर्ऋत्येकडे येतो आणि फिजीवर ठाण मांडतो. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या प्रबळ एल निनोत तर पट्ट्याचा तिरकेपणाच मोडला. तो जवळजवळ विषुववृत्ताला समांतर झाला आणि फिजी त्याच्या पार बाहेर राहिले.

ही अवस्था ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक समुद्रातली: विषुववृत्तावर मध्य पॅसिफिकचा एक चौकोन ठरवून घेतला आहे, त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीपेक्षा किती वर-खाली आहे ते पाहतात. दुसरी हवेतली: ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातले डार्विन इथल्या हवेच्या दाबातला फरक. एका टोकाला दाब वाढला की दुसरीकडे घटतो, असा हा झोका आहे, आणि फिजी जवळपास त्याच्या मध्यावर आहे.

या झोक्याचा शोध भारतातल्या दुष्काळांशी जोडलेला आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर हा गणितज्ञ भारतीय वेधशाळांचा प्रमुख झाला. मान्सून कधी दगा देईल हे आधी ओळखता यावे म्हणून त्याने जगभरच्या केंद्रांचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. ते सगळे हिशेब कारकुनांनी हाताने केले. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचे हे मागेपुढे होणे पुढे आले, आणि त्याने त्याला 'सदर्न ऑसिलेशन', म्हणजे दक्षिणी आंदोलन, असे नाव दिले. मान्सूनचा पक्का अंदाज काही त्याच्या हाती लागला नाही. समुद्राचे तापमान आणि हा झोका एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडले. वॉकरने भारतासाठी शोधलेली खूण आज फिजीच्या कामी अधिक येते, कारण फिजी त्या झोक्याच्या अंगणातच आहे. भारत दूर आहे, आणि त्याच्या पावसात हिंदी महासागरही ढवळाढवळ करतो.

आकड्यांवरून शक्यता

आता दोन्ही धागे एकत्र येतात. एका केंद्राच्या, समजा नांदीच्या, नोव्हेंबर-जानेवारी या तिमाहीच्या मागच्या तीस वर्षांतल्या बेरजा घेतल्या. त्या लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावल्या. पहिल्या दहा वर्षांचा गट 'कमी', मधल्या दहांचा 'सर्वसाधारण' आणि शेवटच्या दहांचा 'जास्त'. दोन सीमारेषा मिळाल्या. पुढच्या हंगामाबद्दल काहीच माहीत नसेल, तर तो तिन्हींपैकी कोणत्याही गटात पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे सुमारे ३३ टक्के.

पण समुद्राची अवस्था माहीत असते. मग जुन्या नोंदींतून फक्त ती वर्षे निवडायची ज्यांच्या हंगामाआधी समुद्र आजच्यासारखाच होता. समजा अशी दहा वर्षे निघाली आणि त्यांपैकी सहांचा पाऊस 'कमी' गटातला होता. मग यंदाही कमी पावसाची शक्यता ३३ वरून ६० च्या आसपास गेली. प्रत्यक्षात हे काम संख्याशास्त्राच्या जरा अधिक काटेकोर पद्धतीने होते. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने पॅसिफिक बेटराष्ट्रांसाठी 'स्कोपिक' नावाची संगणकप्रणाली तयार करून दिली आहे, ती हेच करते. नोंदींत शून्य आणि कोरी जागा यांचा घोळ असेल तर तो थेट या टक्केवारीत उतरतो. केंद्र मध्येच दुसऱ्या जागी हलवलेले असले तरीही तेच होते.

दुसरी वाट महासंगणकाची. त्यात समुद्र आणि हवा यांची समीकरणे सोडवून पुढचे काही महिने आभासी रीतीने चालवून पाहतात. सुरुवातीच्या आकड्यांत बारीकसारीक फरक करून हा प्रयोग अनेकदा करतात आणि त्यांतल्या किती प्रयोगांत फिजी कोरडे निघाले ते मोजतात. पूर्वी न घडलेली परिस्थितीही यात हाताळता येते, हा मोठा फायदा. अडचण अशी की ही प्रतिकृती पृथ्वीला मोठमोठ्या चौकोनांत विभागते, आणि दीडशे किलोमीटर रुंदीचे विती लेवू त्यात दोन-चार चौकोनांत संपून जाते. सुवा ओले आणि नांदी कोरडे हा भेद तिला धड कळत नाही. म्हणून अंदाज ठरवताना दोन्ही वाटांचे निष्कर्ष समोर ठेवले जातात. २०१५ पासून पॅसिफिक बेटांच्या हवामान संस्था एकत्रित हंगामी परिषदही भरवतात, आणि शेजारच्या देशांचे अंदाज सीमेवर एकमेकांशी विसंगत राहणार नाहीत हे तिथे पाहिले जाते.

> चौकट : अंदाज कसा वाचावा
>
> समजा पश्चिम भागासाठी अंदाज असा आहे: कमी ५५ टक्के, सर्वसाधारण ३० टक्के, जास्त १५ टक्के.
>
> याचा अर्थ पाऊस ५५ टक्के कमी पडेल असा नाही. समुद्राची अशी अवस्था असलेल्या शंभर हंगामांपैकी साधारण पंचावन्न हंगाम सर्वांत कोरड्या तिसऱ्या भागात गेले असते, आणि पंधरा चांगले ओलेही निघाले असते.
>
> तिन्ही आकडे ३३-३४ च्या घरात असतील तर 'पाऊस सर्वसाधारण होईल' असे समजू नये. समुद्राकडून या वेळी काही इशारा नाही, एवढाच त्याचा अर्थ.
>
> 'कमी' म्हणजे किती, हे ठिकाणावर अवलंबून असते. सुवाचा 'कमी' पाऊस नांदीत चांगला ठरेल.

जिथे जमते, जिथे फसते

एल निनो उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात आकार घेतो आणि डिसेंबरच्या सुमारास ऐन भरात येतो. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबरचा पाऊस चालू असताना तो अजून घडत असतो, त्यामुळे मान्सूनपूर्व अंदाजात त्याच्याबद्दल बरीच शंका राहते. फिजीचा पावसाळा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. तोवर एल निनो आहे की नाही हे उघड झालेले असते. नोव्हेंबर-जानेवारीच्या सुमाराचे फिजीचे अंदाज म्हणूनच अधिक भरवशाचे असतात.

१९९७-९८ मध्ये भारत आणि फिजी यांच्यातला हा फरक ठसठशीत दिसला. शतकातल्या सर्वांत जोरकस एल निनोंपैकी एक आलेला असताना भारतात १९९७ चा मान्सून सर्वसाधारण राहिला. फिजीच्या पश्चिम भागात मात्र ऊस वाळला, विहिरी आटल्या आणि ऊसकरी कुटुंबांना पाणी व धान्य पुरवावे लागले. २०१५ च्या एल निनोने दोन्हीकडे हात दाखवला. भारतातला पाऊस सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तो याच काळातला प्रसंग, जरी लातूरच्या टंचाईला एल निनोखेरीज इतरही कारणे होती. फिजीतही तेव्हा अवर्षण होते.

आणि त्याच कोरड्या हंगामात, २० फेब्रुवारी २०१६ रोजी, फिजीवर विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ आदळले. ४४ माणसे दगावली. राकीराकीचा साखर कारखाना त्यानंतर पुन्हा उभा राहिला नाही. हंगामी अंदाजाची मर्यादा यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही. तीन महिन्यांची बेरीज कमी राहण्याची शक्यता आणि एका रात्रीत घर उडून जाण्याची शक्यता या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट एल निनोच्या काळात समुद्र मध्य पॅसिफिकपर्यंत तापलेला असल्याने चक्रीवादळे पूर्वेकडे पसरतात आणि फिजीला अधिक जपावे लागते. वादळांच्या हंगामाचा अंदाज म्हणूनच स्वतंत्रपणे दिला जातो, आणि प्रत्यक्ष वादळाचा इशारा आणखी वेगळा, तासातासाने.

दुसरी कच्ची जागा मार्च ते मे. या महिन्यांत जुना एल निनो किंवा ला निना बहुधा ओसरत असतो आणि नव्याची चाहूल लागलेली नसते. तेव्हा पुढच्या हंगामाबद्दल समुद्र फारसे बोलत नाही. शिवाय प्रत्येक एल निनो सारखा नसतो. सर्वांत तापलेले पाणी पेरूकडे आहे की मध्य पॅसिफिकमध्ये, यावर तिरका पट्टा किती सरकेल हे ठरते. नुसते 'एल निनो आला' एवढ्या बातमीवर उसाचे गणित मांडू नये, हे तिथल्या शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

आकडे कामाला लागतात

विती लेवूला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा मोनासावूच्या धरणातून येतो. धरण डोंगरमाथ्यावर, ओल्या बाजूला आहे. कमी पावसाचा अंदाज असेल तर वीज कंपनीला पाणी राखून ठेवायचे की आत्ताच वापरायचे, आणि डिझेलचा किती साठा मागवायचा, हे काही महिने आधी ठरवावे लागते. उसाच्या बाजूला लावणीची वेळ, खताचा हप्ता आणि तोडणीचा क्रम या अंदाजावर हलतो. जास्त पावसाचा इशारा असेल तर तोडणी आटोपती घेतात, कारण चिखलात ट्रक शेताबाहेर काढणे जिकिरीचे होते. आरोग्य खात्याला ओला हंगाम म्हणजे लेप्टोस्पायरोसिस आणि डेंगी. २०१२ मध्ये पश्चिम भागात जानेवारीत आणि पुन्हा मार्चअखेर मोठे पूर आले, त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ पसरली होती. तो काळ ला निनाचा होता.

लहान बेटांवरचा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत कठीण. तिथे नदी नाही, विहिरीला खारे पाणी लागते, आणि छपराची टाकी रिकामी झाली की सरकारी जहाजाची वाट पाहायची. जहाज ठरवायला, भरायला आणि पोहोचायला वेळ लागतो. म्हणून हवामान संस्था पुढचा अंदाज देण्याबरोबर मागचाही हिशेब ठेवते. गेल्या तीन, सहा आणि बारा महिन्यांत प्रत्येक केंद्रावर पडलेला पाऊस त्याच केंद्राच्या जुन्या नोंदींत कितव्या क्रमांकावर बसतो ते पाहिले जाते. तीन महिन्यांची बेरीज कोरडी असेल तर टाकीवाल्याला फटका, सहा महिन्यांची असेल तर उसाला, बारा महिन्यांची असेल तर धरणाला आणि भूजलाला. बेरीज सर्वांत कोरड्या दहा टक्क्यांत गेली आणि पुढच्या तिमाहीचा अंदाजही 'कमी' कडे झुकलेला असला, तर पाणी खात्याने टँकर आणि जहाजांची तयारी सुरू करायची. नुसत्या पुढच्या अंदाजावर जहाज सहसा निघत नाही. मागची तूट आणि पुढची शक्यता एकत्र पाहिली की निर्णय घेणे सोपे जाते.

हंगाम संपला की अंदाजाची तपासणी होते. एका हंगामावरून तो खरा की खोटा ठरत नाही. ५५ टक्के 'कमी' सांगितले आणि पाऊस चांगला झाला, तर अंदाज फसला असे म्हणता येत नाही, कारण तशीही शक्यता त्यात मोजलेली होतीच. पाहायचे ते असे: आजवर ज्या ज्या वेळी ६० टक्के सांगितले, त्या सगळ्या वेळा एकत्र केल्या तर त्यांपैकी खरोखर दहांत सहा वेळा तसे घडले का? नुसत्या ३३-३३-३३ च्या धोपट उत्तरापेक्षा हा अंदाज किती सरस ठरला? हे गणित प्रत्येक केंद्रासाठी आणि प्रत्येक तिमाहीसाठी वेगळे मांडतात, आणि त्याचा निकाल चांगला, बेताचा किंवा कमी भरवशाचा अशा शेऱ्याने पुढच्या अंदाजासोबत छापला जातो. लौतोकाच्या डिसेंबरच्या अंदाजाला मिळणारा शेरा आणि मेमधल्या अंदाजाला मिळणारा शेरा यांत म्हणूनच फरक असतो.